हक्काचं गिऱ्हाईक

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या बेटावरच्या रोझो शहराच्या शनिवारच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. बाजारात बसायचं तर तोंड हवंच. मुक्या बाईचे नीरफणस टोपलीतच पिकतात, असं माझी आई म्हणायची, आणि तिच्या तोंडाला तर मीही टरकून असायचे. पण हल्ली मी गप्प असते. माल मांडते, कोणी विचारलं तर सांगते, नाहीतर खाली मान घालून मिरच्या निवडत बसते. शेजारचा शहाळेवाला परवा म्हणाला, "काय गं तितीन, दाढ दुखतेय का?" मी हो म्हटलं. खरं कुठल्या तोंडानं सांगू?

सगळं झालं ते मा ओदिलवरून.

मा ओदिल डोंगरावरच्या गावात राहायच्या, शिवणकाम करायच्या. माझ्या वयाच्या निम्म्या बायकांनी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला घातलेला पांढरा झगा त्यांच्या हातचा. माझाही. त्या माझ्या आईच्या गिऱ्हाईक होत्या आणि आई गेल्यावर माझ्या झाल्या, जागेसकट. नदीकडच्या भिंतीपाशी, ज्युस्ताचं डुकराच्या रक्ताचं बुदां जिथं शिजतं त्याच्या शेजारी आमची जागा. आमच्याकडे अशा बांधलेल्या नात्याला प्वातिक म्हणतात. विकणारी घेणारीला प्वातिक म्हणते, घेणारी विकणारीलाही. नवरा बदललेल्या बायका मी पाहिल्यात, प्वातिक बदललेली पाहिली नाही. तिच्यासाठी चांगलं कोनफळ गोणपाटाखाली झाकून ठेवायचं, वर चार मिरच्या नि पाल्याची जुडी घालायची. तिनंही दुसरीकडून घ्यायचं नाही. घेतलंच तर लांबून वळसा मारून जायचं, आपल्या बाईच्या डोळ्यांसमोरून न्यायचं नाही. एवढी तरी लाज ठेवायची.

नाताळ उलटला आणि त्यांची भाची आर्लेट टोरांटोहून आली. बहिणीची मुलगी, तिकडे नर्स आहे. ती आल्यावर एका शनिवारी मा ओदिल एकट्याच माझ्यापाशी आल्या, पालथ्या खोक्यावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तितीन, ती मला न्यायला आलीय."

"कुठं न्यायला?"

"तिच्याकडे. म्हणते, मावशी, तुझे डोळे गेलेत. एक दिवस चूल पेटवायला जाशील नि घर पेटवशील. घर विकू या म्हणते."

"गेलेत का डोळे?"

"गेले कसले! थोडं धुकं असतं." त्यांनी हात झटकला. "मी तिला सांगितलं, बाई गं, तू शनिवारी माझ्याबरोबर बाजाराला चल. मी पुढे चालते, तू मागे. मी माझा माल घेते आणि घरी येते. एकदा जरी चुकले ना, तर मुकाट्यानं तुझ्या विमानात बसते. तिला पटलं ते. चार-सहा शनिवार बघते म्हणाली."

"अहो, मी सांगते ना तिला! म्हणावं, ह्या बाईला अजून सुईत दोरा ओवता येतो."

"तू काही सांगू नकोस. तुझं सांगणं नदीपलीकडे ऐकू जातं." त्या हसल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "तू नुसती असलीस तरी पुरे."

मी म्हटलं, मी काय कुठं पळून चाललेय?

आणि त्याच आठवड्यात फाटकाजवळची जागा रिकामी झाली. तिथली मा इना लेकीकडे राहायला गेली. फाटकाची जागा म्हणजे सोनं. मिनीबसमधून उतरणारं प्रत्येक माणूस आधी तिथूनच आत येतं. जिची खोकी आधी पडतील तिची जागा, असा आमचा कायदा, आणि खोकी टाकण्यात मी कोणाला ऐकते होय! पहाट व्हायच्या आत मी मांडून बसले. मा ओदिलची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण मनात म्हटलं, त्यांनाही इथूनच आत यायचंय. माझ्या नाकासमोरून जातील, दिसेनच की मी. भिंतीपाशी माझ्या जागेवर फिलो नावाची एक पोर येऊन बसली. वरच्या गावातली, नवीनच, तोंडातून शब्द फुटायचा नाही अशी. मी म्हटलं, बसू दे बिचारीला.

तो पहिला शनिवार. मिनीबस थांबली, मा ओदिल उतरल्या. डोक्यावर गवती हॅट, हातात मिटलेली छत्री, चालणं कसं ताठ. दोन पावलं मागे आर्लेट. मी उभी राहिले, डोक्याचा रुमाल काढून हलवला आणि ओरडले, "मा ओदिल! अहो इकडे! इकडे आले मी!"

त्यांनी मान वळवली नाही. हनुवटी वर, छत्री पुढे, तशाच सरळ चालत गेल्या. माझ्यापासून हाताच्या अंतरावरून गेल्या म्हणा ना. गेल्या त्या थेट नदीकडच्या भिंतीपाशी, आणि फिलोसमोर उभ्या राहून माल घ्यायला लागल्या. मी रुमाल हातात धरून उभी. समोरचा केळीवाला हसला, ते मी बघितलं.

दुपारी ज्युस्ता बुदांचा तुकडा कागदात गुंडाळून माझ्याकडे आली. खायला द्यायला नाही, मीठ चोळायला. "तितीन, तुझं गिऱ्हाईक फिलोनं पळवलं गं! काय गुलूगुलू बोलतात दोघी. आणि म्हातारीनं नुसतं घेतलं नाही, तिचा हातच हातात धरून ठेवला होता."

"मग धरू दे. मला काय गिऱ्हाइकांचा दुष्काळ पडलाय?"

"छे, छे. मी आपलं सांगितलं."

दुसऱ्या शनिवारी मी हाक मारली नाही. का मारू? मी काय भीक मागायला बसलेय? कोनफळ मात्र झाकून ठेवलं होतं, सवयीनं. त्या समोरून गेल्या तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे तोंड करून ओरडले, "लाल कोनफळ! लोण्यासारखं लाल कोनफळ!" ऐकू दे तिला, काय गमावलं ते. त्यांचं पाऊल किंचित अडखळलं असं मला वाटलं. मी म्हटलं, टोचलं वाटतं. आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या शनिवारी तेच. त्या तिथं किती वेळ उभ्या राहिल्या! अळूचा एकेक गड्डा हातात घ्यायच्या, चाचपायच्या, परत ठेवायच्या. माझ्याकडे कधी एवढा वेळ लावला नव्हता. आमच्याकडे तर मी काढून द्यायचे आणि त्या पिशवीत टाकायच्या. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. घरी जाऊन झाकलेलं कोनफळ डुकराला घातलं आणि डुकरावरही खेकसले.

चौथ्या शनिवारी मी घरून निघतानाच डोक्यात राख घालून घेतली होती. त्यात ज्युस्ता सकाळी सकाळी येऊन म्हणाली, "अगं, म्हातारी काल आमच्या बसमध्ये होती. म्हणाली, माझी प्वातिक फार गुणाची. मी विचारलं, कोण, तितीन? तर नुसती हसली."

बस्स. तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या वेळेपासूनचं नातं, आणि ही बाई गावभर दुसरीला प्वातिक म्हणत फिरते! मा ओदिल आत गेल्या, भिंतीपाशी पोचल्या, फिलोनं त्यांच्या हातात पाल्याची जुडी ठेवली, आणि मी माझा माल तसाच उघडा टाकून निघाले. शहाळेवाला मागून म्हणाला, "तितीन, जाऊ दे गं." मी ऐकते होय!

"वा वा वा!" मी कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिले. सगळा बाजार ऐकेल असा आवाज लावला. "काय मा ओदिल, बरं चाललंय ना? नवीन प्वातिक मानवली ना?"

त्या दचकल्या. "तितीन..."

"आठवलं का नाव? मला वाटलं विसरलात! शनिवारमागून शनिवार माझ्या नाकासमोरून जाता, ढुंकून बघत नाही! माझ्या आईनं तुला काय कमी केलं होतं गं? मी काय कमी केलं? फाटकात उभी राहून रुमाल हलवते मी, वेड्यासारखी, सगळी दुनिया हसते, आणि तुला मी दिसत नाही? एवढी मोठी बाई दिसत नाही? आंधळी आहेस का तू?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. शब्द बाहेर पडला तो पडला.

फिलो माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनी सांगत होती, गप्प बस, गप्प बस गं बाई. मला ते कळलं तोवर उशीर झाला होता. मागे उभी असलेली आर्लेट पुढे आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मावशी, ही तितीन?"

ज्युस्ताच्या भांड्याचं झाकण तेवढं खडखडत होतं.

"मग ही कोण?" आर्लेटनं फिलोकडे बोट केलं. "हिला तू दर शनिवारी तितीन म्हणतेस. मी मागेच उभी असते, मावशी. माझ्या कानांनी ऐकलंय. हीसुद्धा ओ देते."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रुमाल, हाक, ती ताठ मान, एकेक गड्डा चाचपणं, सगळं एकदम कळलं. मी मागे सरले. नुसतं एक पाऊल, लाज वाटून, जनावर मागे सरतं तसं.

मा ओदिल हसल्या. अजूनही हसत होत्या हो त्या! म्हणाल्या, "अगं, आमची थट्टा चालते ती. ही काय तितीन, इथं तर उभी आहे. दिसत नाही का तुला?" आणि माझा खांदा धरायला त्यांनी हात पुढे केला.

मी होते तिथं नव्हते. हात हवेत राहिला. त्यांनी तो थोडा डावीकडे नेला, थोडा उजवीकडे नेला. मी पुढे व्हायला हवं होतं. एक पाऊल फक्त. पण मी हलले नाही, आणि तो हात शोधतोय शोधतोय, आणि सगळा बाजार बघतोय. केळीवाला बघतोय, ज्युस्ता बघतेय.

मग मी तोंड उघडलं, तेही चुकीच्या वेळी. "थट्टाच हो! थट्टाच करतो आम्ही! मीच म्हटलं फिलोला, की तू तितीन हो..." माझं मलाच ऐकवेना.

आर्लेट काही वाईट बाई नाही. मला ती वाईट असती तर बरं झालं असतं. तिनं तो हवेतला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरले होते. "मावशी, किती दिवस झाले तुला काही दिसत नाही?"

"आर्लेट, लोकांसमोर नको," मा ओदिल म्हणाल्या. एवढंच. आवाज चढला नाही की कापला नाही. हॅट नीट केली, छत्री काखेत घेतली, आणि भाचीच्या हाताला धरून फाटकाकडे गेल्या. आजवर त्यांना कोणाचा हात धरून चालताना मी पाहिलं नव्हतं. धरणी दुभंगून मला पोटात घेती तर बरं, असं म्हणतात ना, ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथंच ज्युस्ताच्या खोक्यावर बसले.

ज्युस्ता म्हणाली, "मला काय माहीत गं..." आणि झाकण उचलून भांड्यात बघत बसली.

फिलो अळूचे गड्डे परत रचत होती. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं, तितीनताई. त्या माझ्याकडे बघून तुमचं नाव घेत होत्या."

"मग मला येऊन सांगायचं नाही?"

"त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. मग मी तुम्हाला काय सांगणार?" ती पोर माझ्यावर रागावलीसुद्धा नव्हती. "मला वाटलं, तुम्ही याल. तुमची जागा पाहिजे तर परत घ्या, ताई. मी तिकडे बसेन." मी उठून फाटकापाशी आले. त्या जागेवर परत कुठल्या तोंडानं बसणार होते मी?

बुधवारी त्यांच्या घरी गेले. जाऊ नये असं शंभरदा वाटलं. बरोबर एक कोनफळ घेतलं होतं, बसमध्ये ते मांडीवर धरून बसले आणि वाटेत दहादा वाटलं की खिडकीतून दरीत फेकून द्यावं. घराचं दार उघडं होतं. आत खोके बांधलेले, भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या. शिवणाचं मशीन कोणीतरी नेलं होतं, जमिनीवर त्याच्या पायांचे डाग तेवढे उरले होते. आर्लेटनं मला या म्हटलं, कोनफळ घेतलं, बसायला खुर्ची दिली. शनिवारचं विमान आहे म्हणाली.

मा ओदिल व्हरांड्यात बसल्या होत्या. मी म्हटलं, "मा ओदिल, मी..."

"कळलं. एवढे पाय आपटत दुसरं कोण येणार? बस."

मी बसले आणि रडायला लागले. घरून काय काय ठरवून गेले होते, त्यातलं काही आठवेना. "मला ठाऊक असतं तर... देवाशपथ, मला ठाऊक असतं तर जीभ तोडून टाकली असती मी."

"कोणाला ठाऊक होऊ नये म्हणूनच तर सगळं चाललं होतं."

"पण मला सांगायचं होतंत! पहिल्या दिवशी मी एवढी ओरडले, निदान ओ तरी द्यायची."

"ऐकली मी हाक. पण इकडून बसचा भोंगा, तिकडून शहाळेवाला. कुठल्या बाजूला आहेस ते कळेना. आर्लेट मागे. भलतीकडे तोंड केलं असतं तर तिथंच संपलं असतं." त्या मांडीवरची झग्याची घडी सारखी करत होत्या, शिवणवाल्या बाईची सवय. "म्हटलं, सरळ चाला. ती वाट पायांना पाठ आहे. बुदांचा वास आला की थांबायचं. थांबले, तुझं नाव घेतलं. ती पोर जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, या मा ओदिल. किती शहाणी पोर आहे गं ती!"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, ती मी नाही?"

"वेडी आहेस का तितीन? तुझा आवाज मला येत नव्हता का? लाल कोनफळ, लाल कोनफळ. दर शनिवारी." त्या थोड्या हसल्या. "मी उगाच गड्डे चाचपत तिथं उभी राहायचे. म्हटलं, रागावलीय, पण बाजारभर फिरणारी बाई आहे, येईल. भांडायला तरी येईलच. आली की जवळ ओढीन आणि कानात सांगेन."

मी मान खाली घातली.

"आलीस," त्या म्हणाल्या. "पण लांबूनच ओरडत आलीस."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झेपलं असतं. टोमण्याला काय उत्तर द्यायचं ते मला येतं. त्यांनी मला समजावलं, पाठीवर हात फिरवला, तुझ्या आईचा स्वभावही असाच होता म्हणाल्या, आणि मी लहान पोरीसारखी नाक ओढत बसले. ज्यांचं घर गेलं त्या माझी समजूत काढत होत्या.

आर्लेट कोकोचा चहा घेऊन आली. कप मावशीच्या हातात नीट धरवला, कान कुठल्या बाजूला आहे ते बोटानं दाखवलं.

"आर्लेट," मा ओदिल म्हणाल्या, "तिकडे तुमच्या भागात बाजार भरतो का गं?"

"मोठं दुकान आहे, मावशी. सगळं मिळतं. मी कामावरून येताना आणत जाईन." आर्लेट त्यांच्या पायांवर चादर पसरत होती, फार मायेनं. "तुला आता कुठ्ठे जावं लागणार नाही. खुर्चीतून उठायलासुद्धा लागणार नाही."

"बरं," मा ओदिल म्हणाल्या.

त्यांनी कप तोंडाला लावला नाही. तो तसाच दोन्ही हातांत धरून त्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या. खालून बस आल्याचा आवाज आला, आणि आर्लेट मला म्हणाली, निघा आता, नाहीतर पुढची बस संध्याकाळी आहे.